माडीचे आस्वादन व परीक्षण

माडाच्या (नारळाच्या) न उमललेल्या पोयीतून पाझरणारा गोड रस आपोआप आंबून जे सौम्य मद्य तयार होते, त्यास माडी म्हणतात. ताडाच्या रसापासून होते ती ताडी आणि शिंदीच्या रसापासून होते ती शिंदी. गोव्यात माडाच्या रसाला सुर हे नाव आहे. आंबण्यापूर्वीच्या ताज्या रसास नीरा म्हणतात. मुंबईतील विक्रीकेंद्रांच्या पाट्यांवर ‘ताडी-माडी’ असा जोडशब्द आढळत असला, तरी ही पेये एक नव्हेत. डोळे, नाक व जीभ यांच्या साहाय्याने माडीची प्रत कशी ठरवितात आणि ही कसोटी कोठे अपुरी पडते, याचा विचार येथे केला आहे. द्राक्षमद्य वर्षानुवर्षे मुरविता येते आणि बिअर बाटलीत काही महिने राहू शकते. माडी मात्र तासातासाला बदलते. त्यामुळे माडी चांगली की वाईट, हे ठरविण्याआधी ती किती तासांची आहे, हे पाहावे लागते.

मुंबईच्या पश्चिम उपनगरांतील जुहू हे या व्यवसायाचे एक जुने ठिकाण होय. एकोणिसाव्या शतकात जुहू म्हणजे साष्टी बेटाच्या पश्चिमेस समुद्रातून जेमतेम वर आलेली वाळूची एक लांबट, अरुंद पट्टी होती. ओहोटीच्या वेळी मधली खाडी पायी ओलांडून तेथे जाता येई. उत्तर टोकाच्या जुहू गावात भंडारी, आगरी व कुणबी, तर दक्षिण टोकास कोळी यांची वस्ती होती. माड व ताड यांवर चढून रस काढणे हा कोकण किनाऱ्यावरील भंडारी समाजाचा परंपरागत व्यवसाय होता. जुहूचे स्वरूप विसाव्या शतकात पालटले. १९२८ मध्ये तेथे विमानतळ झाला; पुढे बंगले व हॉटेले उभी राहिली आणि रस काढण्याजोगी झाडे विरळ होत गेली. शस्त्रक्रियेनंतरच्या विश्रांतीसाठी महात्मा गांधी १९२४ मध्ये काही आठवडे जुहूच्या किनाऱ्यावर राहिले होते. ताडाच्या रसाचे मद्य न करता त्याची नीरा व गूळ करावा, असा पुढील काळात त्यांचा आग्रह होता. एकाच रसाकडे पाहण्याच्या या दोन दृष्टी परीक्षणाच्या संदर्भातही महत्त्वाच्या ठरतात; कारण नीरेत जो दोष, तोच माडीत गुण असतो.

रस व किण्वन : न उमललेली पोय दोरीने घट्ट आवळून काही दिवस हलक्या हाताने ठोकतात. नंतर तिचे टोक धारदार कोयत्याने छाटतात व त्याखाली मडके बांधतात. पुढे रोज सकाळ-संध्याकाळ टोकाची पातळ चकती छाटून जखम ताजी ठेवावी लागते. चकती जाड झाली, तर पोय लवकर संपते. छाटणी चुकली, तर रस आटतो. ताज्या रसात सु. १२ ते १५ टक्के शर्करा असते व तो जवळजवळ उदासीन (ना आम्ल, ना क्षारीय) असतो. मडक्यास आतून चुना लावलेला असेल, तर किण्वन रोखले जाऊन नीरा मिळते. चुना नसेल, तर झाडावर असतानाच रस आंबू लागतो. त्यासाठी वेगळे विरजण लावावे लागत नाही. आदल्या दिवसाच्या मडक्यातील साका, हवा, पोयीचा पृष्ठभाग आणि रसावर येणाऱ्या माश्या-मुंग्या यांतून आवश्यक ते सूक्ष्मजीव रसात शिरतात.

या सूक्ष्मजीवांत यीस्टखेरीज दुग्धाम्ल निर्माण करणारे जंतू, शिर्का (व्हिनेगर) निर्माण करणारे जंतू आणि झायमोमोनास मोबिलिस हा जंतू यांचा समावेश होतो. शेवटचा जंतू शर्करेपासून झपाट्याने अल्कोहॉल तयार करतो. मेक्सिकोत घायपाताच्या जातीच्या वनस्पतींपासून होणाऱ्या पुल्के या मद्यातही तो आढळतो. इंग्लंडमधील सफरचंदाच्या मद्यात तो शिरला, तर ते ‘आजारी पडले’ असे समजतात. बिअरच्या कारखान्यातही तो नको असलेला पाहुणा असतो. माडीच्या मडक्यात मात्र त्याचे स्थान मानाचे आहे. झाडावरून उतरविल्यानंतर काही तासांतच रसात ४ टक्क्यांच्या आसपास अल्कोहॉल तयार होते व ते साधारणतः ६ टक्क्यांपर्यंत वाढते. त्याच वेळी आम्लताही वाढत असते आणि दुसऱ्या दिवसापासून शिर्क्याचा अंमल सुरू होतो. गोडी, अल्कोहॉल व आंबटपणा यांची ही शर्यत कोणत्या क्षणी थांबलेली आहे, ते ओळखणे म्हणजेच माडीचे परीक्षण होय.

यूरोपीय शेतघरांतील एल : अशा पेयाला बिअरच्या सर्वसामान्य कसोट्या लावणे का योग्य नाही, हे यूरोपातील शेतघरांत होणाऱ्या एल या बिअरच्या प्रकारांवरून स्पष्ट होते. बेल्जियममधील एनो प्रांतातील सेझाँ हा त्यांपैकी सर्वांत परिचित प्रकार. या फ्रेंच शब्दाचा अर्थ ‘हंगाम’ असा असून, थंडीच्या दिवसांत शेतावर तयार करून ठेवलेले हे पेय उन्हाळ्यात राबणाऱ्या मजुरांना देत, असे परंपरेने सांगितले जाते. आजचे सेझाँ कोरडे (गोडी जवळजवळ न उरलेले), अतिशय फसफसणारे, मिऱ्यासारख्या चुरचुरीत चवीचे असते. फिनलंडमधील साहती हे जुनिपरच्या डहाळ्यांतून गाळलेले, पावाच्या यीस्टने आंबविलेले पेय टिकत नाही व ताजेच प्यावे लागते. पक्व केळ्याचा वास हा त्याचा विशेष. २००२ मध्ये यूरोपीय संघाने साहतीस पारंपरिक पदार्थ म्हणून संरक्षण दिले. नॉर्वेतील शेतकरी कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेले क्वैक हे यीस्ट सु. ३० ते ४० अंश से. तापमानातही उत्तम काम करते; मुंबईच्या हवेतील माडीच्या यीस्टशी त्याचे हे साम्य लक्षणीय आहे.

या सर्वांत आढळणारे गढूळपणा, केळ्या-लवंगेचे वास, सौम्य आंबटपणा हे गुण पिल्सनरसारख्या नितळ बिअरमध्ये दोष ठरतात. कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतील क्लाउसेन यांनी १९०४ मध्ये ब्रेट्टॅनोमायसीझ या यीस्टचे वर्णन केले, ते इंग्लंडच्या मुरविलेल्या बिअरला तिची खास चव देणारे यीस्ट म्हणून. तेच यीस्ट पुढे बहुतेक कारखान्यांत प्रदूषक मानले गेले. शेतघरातील एलच्या काही प्रकारांत मात्र त्याचा चामड्यासारखा वास आजही हवासा वाटतो. म्हणजे दोष हा पदार्थात जितका, तितकाच तो अपेक्षेत असतो. अलीकडे अंधेरीसारख्या उपनगरांतील छोट्या बिअरगृहांत बेल्जियन धर्तीचे एल मिळू लागले आहे. त्याच्या चवीची बारकाईने चर्चा करणारा ग्राहक शेजारच्या विक्रीकेंद्रातील माडीला ‘आंबट पाणी’ म्हणून बाजूला सारतो, हे विसंगत आहे.

परीक्षणाची रीत : माडी शक्यतो सकाळी तपासावी. रात्रभर गारव्यात जमलेला व सूर्य वर येण्यापूर्वी उतरविलेला रस गोडसर असतो. दिवसभर उन्हात जमून संध्याकाळी उतरविलेला रस तुलनेने आंबट व उग्र लागतो. त्यामुळे सकाळची व संध्याकाळची माडी एकमेकींशी ताडून पाहणे अन्यायाचे होईल. रस कोणत्या वेळी उतरविला, मडके जुने की नवे आणि चुना लावला होता काय, हे प्रश्न आधी विचारावेत. धातूच्या किंवा प्लॅस्टिकच्या पेल्याऐवजी स्वच्छ काचेचा पेला घ्यावा व तो अर्धाच भरावा. तिखट चाखणा, पान-तंबाखू व धूम्रपान तासभर आधीपासून वर्ज्य करावे. माडीबरोबर तळलेले बोंबील वा मसालेदार सुके मटण खाण्याची चाल आहे. ती आस्वादाला पूरक असली, तरी परीक्षणाला मारक ठरते.

चांगल्या माडीचा रंग पातळ ताकासारखा पांढुरका असतो. हा पांढरेपणा द्रवात तरंगणाऱ्या असंख्य यीस्टपेशी व जंतू यांच्यामुळे येतो. त्यामुळे गढूळपणा हे येथे जिवंतपणाचे लक्षण होय. रस पारदर्शक असेल, तर तो फार ताजा आहे किंवा पाण्याने पातळ केलेला आहे. दोहोंतील फरक चवीवरून कळतो : ताजा रस दाट गोड, तर पातळ केलेला मिळमिळीत लागतो. पेला थोडा वेळ स्थिर ठेवल्यास तळाशी साका बसतो व मधून बारीक बुडबुडे वर येत राहतात. बुडबुडे बारीक व सातत्याने येणारे हवेत. मोठे, साबणाच्या फेसासारखे व बराच वेळ न फुटणारे बुडबुडे दिसल्यास वरून फेस आणणारा पदार्थ मिसळल्याचा संशय घ्यावा. ओतताना द्रवास तार सुटत असेल, तर ल्यूकोनॉस्टॉक जातीच्या जंतूंनी शर्करेपासून डेक्स्ट्रान हा चिकट पदार्थ तयार केलेला असतो. अशी माडी विषारी नसली, तरी तोंडात बुळबुळीत लागते व जाणकार ती परत करतात.

वास घेताना पेला नाकाशी एकदाच खोल न हुंगता दोन-तीन वेळा हलकेच फिरवावा. पहिला वास बहुधा यीस्टचा, म्हणजे आंबलेल्या पिठासारखा येतो. त्यामागे पिकलेले केळे, हिरवे सफरचंद, ओले खोबरे व ताक यांच्या छटा सापडतात. केळ्याची छटा आयसोअमिल ॲसिटेट या संयुगामुळे, तर सफरचंदाची ॲसिटाल्डिहाइडामुळे येते. सडक्या अंड्याची पुसट झुळूक ताज्या फसफसत्या माडीत क्वचित येते. ती मिनिटभरात विरली तर सोडून द्यावी, पेल्यात रेंगाळली तर दोष मानावा. शिर्क्याचा टोचरा वास हे वय उलटल्याचे चिन्ह होय. कुबट वास मडके नीट न धुतल्याचे, तर खवट वास पेल्याला अथवा गाळणीला लागलेल्या तेलकटपणाचे दर्शक असतो.

चव पाहताना पहिला घोट तोंड ओले करण्यापुरता समजावा व मत दुसऱ्या घोटावर बनवावे. गोडी आधी, आंबटपणा मागून आणि शेवटी किंचित तुरटपणा अशा क्रमाने चव उलगडत गेली, तर माडी ऐन भरात आहे असे समजतात. आंबटपणाचे दोन प्रकार ओळखता येणे ही परीक्षकाची खरी कसोटी होय. दुग्धाम्लाचा आंबटपणा ताकासारखा गोल असून जिभेच्या कडांवर जाणवतो. ॲसिटिक अम्लाचा आंबटपणा टोकदार असून नाकात चढतो व घसा ओढतो. पहिला माडीस शोभा देतो, दुसरा तिला संपवितो. मद्यार्काची ऊब छातीत हलकीशी जाणवावी. घोट गिळताच जीभ जड होणे किंवा दोन-तीन पेल्यांनी गुंगी येणे हे माडीच्या कसदारपणाचे लक्षण मानण्याची समजूत सर्वस्वी चुकीची आहे. इतक्या सौम्य मद्याकडून तसा परिणाम अपेक्षित नाही. तो दिसल्यास भेसळीचीच शंका घ्यावी.

एकच माडी एकदाच चाखून मत देणे धाडसाचे असते. त्याऐवजी त्याच मडक्यातील माडी दर दोन तासांनी चाखावी व प्रत्येक वेळी नव्या पेल्यात घ्यावी. अशा चार-पाच पेल्यांत झाड, हवा व मडके यांचा स्वभाव जितका कळतो, तितका वेगवेगळ्या ठिकाणच्या वीस पेल्यांतूनही कळत नाही. दोन माड्यांत खरोखर फरक आहे काय, हे पाहण्यासाठी बिअर उद्योगातील त्रिकोणी चाचणी उपयोगी पडते. तीत दोन पेले एका नमुन्याचे व एक दुसऱ्याचा असे तीन पेले न सांगता पुढे ठेवतात आणि वेगळा पेला ओळखण्यास सांगतात. १९४० नंतरच्या दशकात कार्ल्सबर्ग येथे ही चाचणी विकसित झाली. मॉर्टन माइलगार्ड यांनी १९७० नंतरच्या दशकात बिअरच्या वासांचे व चवींचे चक्राकार वर्गीकरण तयार केले. ते बहुतांशी कारखान्यातील बिअर डोळ्यांसमोर ठेवून केलेले असल्यामुळे माडीस जसेच्या तसे लागू करता येत नाही. मराठीतील ताक, खोबरे, आंबवण, शिर्का, तार यांसारखे घरगुती शब्दच येथे अधिक नेमके ठरतात.

ताडीचे परीक्षण याच रीतीने होते. मात्र माड बारमाही रस देतो, तर ताडाचा मुख्य हंगाम हिवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्यापर्यंतचा असतो. ताडाची नर व मादी झाडे वेगळी असून दोहोंपासून रस मिळतो. मादी झाडाचा रस काढल्यास त्या फुलोऱ्यावर ताडगोळे धरत नाहीत. भर पावसाळ्यात विपुल ‘ताडी’ मिळू लागली, तर तिच्या उगमाविषयी विचारणा करणे शहाणपणाचे होय.

भेसळ व इंद्रियांची मर्यादा : पाणी, साखर व सॅकरीन यांची भेसळ सरावलेल्या जिभेस बहुधा ओळखता येते. सॅकरिनाची गोडी घोट गिळल्यानंतरही रेंगाळते व मागे कडवटपणा ठेवते. रसाची गोडी तशी राहत नाही. याहून गंभीर भेसळ क्लोरल हायड्रेटाची. हे संयुग जर्मन रसायनशास्त्रज्ञ यूस्टुस फोन लीबिक यांनी १८३२ मध्ये प्रथम तयार केले व १८६९ पासून ते झोपेचे औषध म्हणून वापरात आले. मागणीइतका रस झाडांपासून मिळेनासा झाला, की पाणी, सॅकरीन, थोडे यीस्ट व क्लोरल हायड्रेट यांचे मिश्रण माडी म्हणून खपविण्याचा मोह होतो. महाराष्ट्र, आंध्र प्रदेश व तेलंगण या राज्यांत अशी भेसळ वेळोवेळी उघडकीस आली आहे; तेलंगणात डायाझेपाम व अल्प्राझोलाम ही औषधेही मिसळलेली आढळली आहेत. अशा पेयाची सवय जडलेल्या माणसास ते एकाएकी न मिळाल्यास हातापायांना कंप, भ्रम व झटके अशी लक्षणे होतात. मोठ्या मात्रेत, विशेषतः अल्कोहॉलबरोबर, क्लोरल हायड्रेटाने श्वसन मंदावून मृत्यूही येऊ शकतो.

क्लोरल हायड्रेटास स्वतःचा किंचित तिखट वास व कडवट चव असते. तथापि आंबट, फसफसत्या द्रवात अल्प प्रमाणात ते मिसळले असता अनुभवी माणूसही फसतो. येथे रासायनिक परीक्षेवाचून गत्यंतर नाही. संशयित नमुना पिरिडीन व सोडियम हायड्रॉक्साइड यांबरोबर तापविल्यास क्लोरल हायड्रेट असताना लाल रंग येतो. ही फुजिवारा चाचणी होय. क्लोरोफॉर्मासारख्या काही संयुगांनीही हा रंग येत असल्यामुळे प्रयोगशाळेत अन्य पद्धतींनी तिची खातरजमा करतात. मेथॅनॉलाचा धोका मात्र वेगळा असून तो मुख्यतः बेकायदा हातभट्टीच्या व मिसळीच्या दारूशी निगडित आहे. २०१५ च्या जून महिन्यात मालाड-मालवणी येथे अशा दारूने शंभरावर माणसे दगावली. मेथॅनॉलाचा वास व चव नेहमीच्या मद्यार्काहून सहज वेगळी ओळखता येत नाही, त्यामुळे तेथे जिभेवर भिस्त ठेवणे प्राणघातक ठरते. माडीच्या बाबतीत सर्वांत भरवशाची परीक्षा झाडाच्या बुंध्याशीच होते : रस उतरविताना पाहिलेला असावा व तो आपल्यासमोर गाळलेला असावा.

कायदा व परीक्षण : मुंबई इलाख्यात १८७८ च्या आबकारी कायद्यानंतर झाडांवरील कर व परवाने यांमुळे रस काढणे हा सरकारी नोंदीचा विषय बनला. १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमाने आंबलेला रस आणि किण्वन रोखण्याची प्रक्रिया केलेल्या भांड्यात काढलेला न आंबलेला रस यांत कायद्याने भेद केला. नीरा विकणाऱ्यास मग रस आंबलेला नाही हे दाखवावे लागे. किंचित आंबट चव, बुडबुडा किंवा गढूळपणा येताच नीरा त्याज्य ठरे, आणि माडीची पारख करणाऱ्या त्याच नाका-जिभेस आता नेमक्या उलट दिशेने काम करावे लागे. १९६० नंतरच्या दशकात दारूबंदी सैल होऊन परवानाधारक विक्रीकेंद्रे चालू झाली. शहरात झाडे व झाडांवर चढणारी माणसे कमी होत गेल्याने केंद्रावरील माडी दुरून येऊ लागली. पेल्यापर्यंत पोचण्यास लागणारा वेळ वाढला, की ताजेपणाची कसोटी आपोआप कडक होते. बर्फातून आणलेली माडी फसफस टिकवून धरते, परंतु गारव्यामुळे तिचे वास दबतात. अशी माडी चाखण्यापूर्वी पेला काही वेळ तळहातांत धरून कोमट करावा.

स्वयंपाकघरातील कसोटी : साष्टी व वसई भागांतील ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांत फुगे या तळलेल्या गोल पदार्थाचे पीठ पूर्वी माडीने फुगवीत, गोव्यात सान्ना व पाव यांसाठी सुर वापरीत. यातून प्रत ओळखण्याची एक साधी घरगुती रीत मिळते. मूठभर पिठात माडी कालवून उबदार जागी झाकून ठेवावी. दोन-तीन तासांत पीठ फुगून त्याला जाळी पडली, तर माडीतील यीस्ट जिवंत व जोमदार आहे. पीठ न फुगता केवळ आंबट झाले, तर जंतूंनी यीस्टवर मात केली आहे. ते जसेच्या तसे पडून राहिले, तर पेल्यात माडी कितपत होती, याचाच विचार करावा लागतो. शिळी झालेली निर्भेळ माडी टाकून देत नाहीत; ती सैल झाकलेल्या बरणीत काही आठवडे ठेवून तिचा शिर्का करतात आणि मांसाच्या आंबट कालवणात व लोणच्यात तो वापरतात.